माउली, साइड!

तरडगावच्या अलीकडे मी एका म्हाताऱ्या माणसावर ओरडले होते. शब्द होते, "माउली, साइड!"

पहाटे तीनला आम्ही पुण्यातून निघालो होतो. साठेक सायकली, सगळ्यांची एकाच रंगाची जर्सी, पाठीवर विठ्ठल आणि विठ्ठलाच्या खाली प्रायोजकाचं नाव. मागून एक टेम्पो, त्यात केळी, चिक्की, इलेक्ट्रॉलची पाकिटं आणि एक मेकॅनिक. बेत असा की अंधार पडायच्या आत पंढरपूर. दिवे घाट अंधारातच चढलो, जेजुरीला उजाडलं, नीरेला चहा झाला.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी त्या दिवशी लोणंदला मुक्कामी होती. 'जाताजाता दर्शन होऊन जाईल' असं आयोजकांनी ग्रुपवर आधीच लिहिलं होतं. पालखी दुपारनंतर हलणार होती, पण मोकळे चालणारे सकाळीच पुढे निघाले होते. लोणंद सोडलं आणि रस्ताभर माणसंच माणसं. डोक्यावर बोचकी, काखेत घोंगडी, पायांत झिजलेल्या चपला. सायकलची घंटी त्या टाळांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? मग आमच्यातल्या एकानं युक्ती काढली. वारीत कोणीही कोणालाही माउली म्हणतं, आणि हाक आली की माणूस थांबतो, वळून बघतो. आम्ही त्या हाकेचा हॉर्न केला. "माउली, साइड! माउली, लेफ्ट घ्या!" युक्ती झकास चालली. माणसं बाजूला होत गेली.

ते आजोबाही दचकून बाजूला झाले. मग त्यांनी हात जोडले, आणि मी गर्दीतून हळूहळू शेजारून जात होते तोच वाकून माझ्या पायाला हात लावायला आले. वारीत हे होतंच. माउली म्हणणाऱ्याच्या पाया पडायचं, मग तो वयानं केवढाही असो. आणि समोरचा वाकला की आपणही वाकायचं. एवढा साधा नियम. माझा बूट पेडलला क्लीटनं अडकलेला होता. तो सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला फिरवावी लागते. अर्धा सेकंद. तो मी दिला नाही. "राम कृष्ण हरी" म्हणाले आणि निघाले. माझ्या मागे चाळीस सायकली होत्या आणि माझा सरासरी वेग पंचवीसच्या खाली घसरत होता.

संध्याकाळी पंढरपुरात गळ्यात मेडल पडलं. त्यावर 'सायकल वारी' आणि त्याखाली 'फिनिशर' असं लिहिलं होतं. मी फोटो टाकला. भरपूर लाइक आले. काकूंनी लिहिलं, 'धन्य आहेस गं पोरी, आम्हाला नाही जमलं.' काकू गेली कित्येक वर्षं आळंदी ते पुणे हा एक टप्पा न चुकता चालतात.

ते मेडल अजून माझ्याकडे आहे. त्यावरच्या दोन शब्दांशी माझं भांडण आहे. 'फिनिशर'शी आहे, आणि त्याहून जास्त 'वारी'शी.

*

आधीच सांगते, म्हणजे कमेंटमध्ये तेच तेच नको. सायकल चालवू नका असं मी म्हणत नाहीये. पंढरपूरला सायकलनं जाऊ नका असंही म्हणत नाहीये. मी स्वतः जाते आणि पुढेही जाणार आहे. 'धर्म भ्रष्ट झाला' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं तर मी अजिबात बोलत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण सायकलवर जे करतो त्याला वारी म्हणणं थांबवू या. कारण ते खोटं आहे, आणि या खोट्याची किंमत रस्त्यावर चालणारा माणूस मोजतो.

अंतराचा हिशेब करून बघा. पुण्याहून पालखी मार्गानं पंढरपूर साधारण सव्वादोनशे किलोमीटर. सायकलवाल्यांच्या जगात हे अंतर काय आहे? ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड असतात. त्या २०० किलोमीटरपासून सुरू होतात. मग ३००, ४००, ६००. म्हणजे ज्याला आपण भक्तीचा कळस म्हणून मिरवतो ते लांब पल्ल्याच्या सायकलिंगची पहिली पायरी ओलांडल्याइतकंच आहे. चार-सहा महिने बरा सराव केलेला माणूस बारा-चौदा तासांत ते उरकतो.

आणि तेच अंतर जायला पालखी अठरा-वीस दिवस घेते.

का घेते? पायी जातात म्हणून, हे अर्धंच उत्तर आहे. रोज चाळीस किलोमीटर चालणारी धडधाकट माणसं या महाराष्ट्रात काय कमी आहेत? त्यांनी मनावर घेतलं तर सहा दिवसांत पोचतील. पालखी तशी जात नाही, कारण तिची रचनाच वेगळ्या कामासाठी झाली आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली असं मानतात. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते असं सांगतात. सैन्य भराभर हलवायचं कसं हे ज्याला कळतं असा माणूस! त्यानं वेगाचा नियम केला नाही. त्यानं क्रम लावला. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. आपला नंबर सोडून पुढे जायचं नाही. विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले. दिंडीत पताकावाले असतात, टाळकरी असतात, मृदंगवाला आणि विणेकरी असतो, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात. विणेकऱ्याला सोडून दिंडी पुढे पळत नाही, आणि तुळशीवाली मागे राहिली तर ती दिंडीच अर्धवट.

म्हणजे वारीचा वेग म्हणजे दुसऱ्याचा वेग. तुमच्या मांडीत किती जोर आहे हा तिथे प्रश्नच येत नाही. शेजारच्या सत्तरीच्या बाईला आज किती जमेल, यावर तुमचं पाऊल ठरतं. दिंडी सोडून मोकळे चालणारेही हजारो असतात हे मला माहीत आहे. पण तेही संध्याकाळी त्याच मुक्कामाला थांबतात. पालखी वेळापूरला असताना 'आम्ही काय, पंढरपूर करून आलो' असं मिरवणारा वारकरी मी तरी पाहिला नाही.

आता आमच्याकडचं बघा. निघताना सूचना झाली होती : 'आपापल्या पेसने जा, मागे राहाल त्यांना टेम्पो उचलेल.' वेळेची मर्यादा होती, तिला आम्ही कट-ऑफ म्हणतो. माळशिरसच्या पुढे सहा जण टेम्पोत गेले. त्यात एक एकसष्ट वर्षांचे काका होते. निवृत्तीनंतर सायकल शिकले होते, वर्षभर त्यांनी याच दिवसाची तयारी केली होती. टेम्पोतून उतरून ते चंद्रभागेच्या वाळवंटात एकटेच बसून राहिले. त्यांना मेडल मिळालं नाही. नियम म्हणजे नियम.

शर्यतीत हा नियम बरोबरच आहे. पण ज्या चालीत सगळ्यात हळू माणसासाठी सगळे हळू चालतात तिचं नाव घ्यायचं आणि सगळ्यात हळू माणसाला टेम्पोत टाकायचं, याला काय म्हणायचं?

*

दुसरा शब्द, फिनिशर.

वारी या शब्दातच फेरा आहे. वारी म्हणजे जाऊन येणं, आणि पुन्हा जाणं. आषाढीला, कार्तिकीला, पुढच्या वर्षी परत. घरात 'वारी आहे' असं म्हणतात. आजी गेली की सून चालू ठेवते. ती संपत नाही हीच तिची खूण. आणि आपण तिचं काय केलं? 'यंदा केदारकंठा झाला, लडाख झालं, वारी झाली.' यादीत एक बरोबरची खूण.

आणखी एक गोष्ट मला मेडल मिळालं त्या वर्षापर्यंत माहीत नव्हती. पालखी परत येते. आषाढी पौर्णिमा झाली की पादुका पंढरपुरातून निघतात आणि चालत आळंदीला येतात. तेव्हा गर्दी नसते, ड्रोन नसतात, हेलिकॉप्टरमधून फुलं पडत नाहीत, बातम्यांत काही येत नाही. थोडी माणसं झपाझप चालत असतात. तिला परतवारी म्हणतात.

आम्ही परत कसे आलो? सायकली ट्रकमध्ये एकावर एक रचल्या, मध्ये पुठ्ठे घातले, आणि आम्ही एसी बसमध्ये झोपून आलो.

हे मी माझ्या आत्याला सांगितलं. आत्या पुरंदरच्या बाजूची, चौदा वर्षं दिंडीत चालते. मेडल हातात घेऊन तिनं उलटसुलट करून पाहिलं.

"जाताना सायकलवर गेलीस. येताना?"

"बसनं."

"अन् सायकल?"

"ट्रकमध्ये."

"म्हंजी निम्मीच झाली की गं." मग स्वतःच हसली. "मी तरी कुठं येताना चालते? एसटीनंच येते. पण मी झाली म्हणून कुणाला सांगत न्हाई."

*

या विषयावर बोलायला लागलं की चार उत्तरं येतात. चारही मी स्वतः कधी ना कधी दिलेली आहेत, त्यामुळे ती मला पाठ आहेत.

पहिलं उत्तर : 'भाव महत्त्वाचा, वाहन नाही.' मान्य. भावाला मोजपट्टी नाही. मग पोस्टमध्ये किलोमीटर कशाला टाकतो? चढाई किती मीटर, सरासरी वेग किती, हृदयाचे ठोके किती, हे कशाला टाकतो? भाव मोजता येत नाही म्हणायचं आणि बाकी सगळं मोजून दाखवायचं, ही गंमत आहे.

दुसरं उत्तर : 'आम्हाला वीस दिवस रजा कोण देतो?' हे उत्तर खरं आहे आणि दुखरंही आहे. पण वीस दिवस कोणालाच फुकट मिळत नाहीत. पेरणी उरकून, म्हैस शेजाऱ्याकडे सोपवून, रोजंदारी बुडवून लोक येतात. आणि ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी वारीनं कधी दार बंद केलेलं नाही. आळंदी ते पुणे एक दिवस चाला. दिवे घाट चढा. एखादा रविवार पाण्याच्या टँकरवर उभे राहा. फक्त एकादशीला एसटीनं जाऊन कळसाला हात जोडून परत या. यातलं काहीही करणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. काकूंचा तो एक टप्पा माझ्या सव्वादोनशे किलोमीटरपेक्षा वारीच्या जास्त जवळचा आहे. त्या वीस किलोमीटरमध्ये तरी त्या दुसऱ्याच्या वेगानं चालल्या.

तिसरं उत्तर परदेशातून येतं. माझ्या एका मित्रानं स्पेनमधली सांतियागोची यात्रा केली आहे. ती शेकडो किलोमीटरची ख्रिस्ती यात्रा आहे, आणि तिथे सायकलस्वाराला अधिकृत मान आहे. निदान १०० किलोमीटर पायी गेलात, किंवा २०० सायकलनं, की सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयातून प्रमाणपत्र मिळतं. मित्र म्हणाला, "बघ, त्यांनी कसा सुटसुटीत मार्ग काढला." काढला खरा, आणि प्रामाणिकपणे काढला. सायकल सोपी आहे हे मान्य करून त्यांनी अंतर दुप्पट केलं. पण त्यांना हा भाव ठरवावा लागला, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे. पंढरपुरात असा काउंटर नाही. 'किती चाललात?' हे विचारणारं कोणी नाही. गळ्यात माळ असेल तर ती पोचल्यावर मिळत नाही, निघायच्या आधी घेतलेली असते. मेडल छापून तो काउंटर आपण उघडला. कोणी मागितला नव्हता.

चौथं उत्तर सगळ्यांत जड आहे. '२०२० मध्ये माउलींच्या पादुका एसटीतून गेल्या. ती वारी नव्हती का?'

होती. मी टीव्हीवर पाहिली होती आणि घरात सगळे गप्प बसले होते. करोनाचं वर्ष, मोजकी माणसं, फुलांनी सजवलेली लाल एसटी. पुढच्या वर्षीही पादुका एसटीनंच गेल्या. तर मग एसटी चालते आणि सायकल का नाही?

हे उत्तर मला बरेच दिवस सापडत नव्हतं. आता वाटतं, एसटीच्या चाकांनी काही फरक पडला नाही, कारण ती ज्या कारणासाठी निघाली ते कारण वारीचंच होतं. लाखो माणसं चालली असती तर गावोगावी माणसं मेली असती. त्यांच्यासाठी चालणं सोडलं. आयुष्यात एकही वारी न चुकवलेली माणसं त्या वर्षी घरी बसली, आणि उंबऱ्याशी उभं राहून हात जोडले. दुसऱ्यासाठी आपला वेग कमी करणं ही वारी असेल, तर दुसऱ्यासाठी थांबणं ही वारीच झाली. वाहन मध्ये येतच नाही. मी सायकल निवडली तेव्हा कोणाचा विचार केला होता? माझ्या रजेचा, माझ्या हौसेचा आणि माझ्या प्रोफाइलचा.

*

इथवर वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, एक शब्द वापरला, त्यानं कोणाचं काय बिघडलं?

बिघडतं ते सांगते. वेगानं गेलं की रस्ता दिसत नाही.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली. ज्ञानेश्वर महाराज मार्ग दिवे घाट ते मोहोळ २२१ किलोमीटर, तुकाराम महाराज मार्ग पाटस ते तोंडले-बोंडले १३० किलोमीटर. खर्च अनुक्रमे ६,६९० कोटींहून जास्त आणि सुमारे ४,४०० कोटी. दोन्ही बाजूंना पालखीसाठी खास पदपथ. कागदावर वाचलं की ऊर भरून येतो. सायकलवरून गेलं की आणखीच. मीच त्या वर्षी लिहिलं होतं, 'रोड एकदम मक्खन!'

पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावरून मी चालले.

झालं असं की आत्यानं बोलावलं. दोन दिवस रजा होती. मी सायकलनं फलटणपर्यंत गेले, रात्री दिंडीच्या राहुटीत झोपले, आणि सकाळी सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर निघाले. फलटण ते बरड, दुसऱ्या दिवशी बरड ते नातेपुते. दोन दिवसांत जेमतेम चाळीस किलोमीटर.

अकरा वाजता डांबर तापलं. चपलेचा तळ पातळ असेल तर ते पायाला कळतं, टायरला कळत नाही. सावली शोधायला लागल्यावर लक्षात आलं की सावली नाहीये. रुंदीकरणात जुनी वडाची झाडं गेली. त्यांच्या जागी काठीला बांधलेली रोपं होती, कमरेएवढी. त्या रोपांच्या सावलीत एक पिशवीसुद्धा मावली नसती. एका ठिकाणी आमची दिंडी विसाव्याला उड्डाणपुलाखाली बसली. सिमेंटच्या खांबाला टेकून बायांनी भाकरी सोडल्या. वरून गाड्या जात होत्या. आत्या म्हणाली, "इथं वड हुता. पंधरा-वीस दिंड्या बसायच्या." मागच्या वर्षी मी याच जागेवरून ताशी बत्तीसनं गेले होते. मला ना वड आठवला, ना वड नसल्याचं जाणवलं.

दुभाजकाचंही तसंच. सकाळी शाळेच्या गणवेशातल्या मुली सायकली घेऊन उलट्या दिशेनं येताना दिसल्या, अंगावर येणाऱ्या ट्रकच्या कडेकडेनं. कारण सरळ जायचं तर पुढच्या वळणापर्यंत लांबचा हेलपाटा. त्या रस्त्यावर रोज सायकल चालवणारी माणसं ही आहेत. शाळकरी मुली, दुधाच्या किटल्या लावलेले म्हातारे, उसाच्या फडावर जाणारे मजूर. आम्ही साठ जण वर्षातून एकदा पोलिसांच्या परवानगीनं, पुढेमागे गाडी लावून तिथून गेलो आणि 'सायकल संस्कृती वाढवतोय' असं बॅनरवर लिहिलं.

यासाठी म्हणते, शब्द सोडा. आपण वारी केली असं वाटलं की देणं फिटलं असं वाटतं. नुसती राइड केली असं कबूल केलं, तर निदान रस्त्यावर कोण आहे हे बघायला डोळे मोकळे राहतात.

*

त्या दोन दिवसांत सायकलचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

फलटण सोडताना मला लाज वाटत होती. अख्ख्या दिंडीत मी एकटीच दीड लाखाचं यंत्र हातात धरून चालले होते. थोड्या वेळानं आत्यानं तिची पिशवी हँडलला अडकवली. मग तिच्या शेजारणीनं. मग एका बाईनं विचारलं, "माझी पण लावू का गं, माउली? खांदा लई दुखतोय." बरडपर्यंत सायकलवर सात पिशव्या, पाण्याचा एक कॅन, दोन छत्र्या आणि कोणाच्या तरी ओल्या लुगड्याची घडी होती. कार्बन फ्रेमवर एवढं वजन लादायचं नसतं. तिला काही झालं नाही.

ॲप चालू होतं. आम्ही इतके हळू होतो की ते सारखं 'राइड थांबली आहे' असं सांगत होतं. शेवटी मी ते बंद केलं.

हीही वारी केली असं मी म्हणणार नाही. दोन टप्पे चालले, एवढंच. पण सायकल वारीत जाऊ शकते का, असं कोणी विचारलं तर आता माझ्याकडे उत्तर आहे. जाऊ शकते. तिच्यावरून उतरावं लागतं.

म्हणून क्लबवाल्यांना, म्हणजे आपल्यालाच, माझ्या तीन मागण्या आहेत. एक, पोस्टरवर 'पुणे–पंढरपूर राइड' असं लिहा. चांगलं नाव आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन, पालखी रस्त्यावर असताना त्या रस्त्यावर झुंडीनं जाऊ नका. जायचंच असेल तर गर्दी लागली की सगळ्यांनी उतरायचं आणि हातात सायकल धरून चालायचं. वेळेत पोचणार नाही? नाही पोचणार. तीन, मेडलचे पैसे वाचतील त्यातून त्या कमरेएवढ्या रोपांना उन्हाळाभर पाणी घाला. टेम्पो आपल्याकडे आहेच.

*

हा एवढा वाद वारीच्या नावानं घालणं बरं दिसतं का, असं माझ्या आईनं विचारलं. मी तिला समाजआरतीबद्दल सांगितलं.

माउलींची पालखी मुक्कामाला पोचली की दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच करतो आणि एकदम सगळे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांत आणि एकाच कोपऱ्यातून खणखण चालू. मग चोपदार तिथे जातो, काय झालं ते विचारतो, तोडगा निघतो. तक्रार मिटेपर्यंत आरती अडून राहते. कोणी त्या दिंडीला 'आता वातावरण बिघडवू नका' असं म्हणत नाही. मग काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात, आणि आरती होते.

माझी तक्रार मी मांडली. ती दुसऱ्या कोणाविरुद्ध आहे असं समजू नका, 'माउली, साइड!' ओरडणारी मीच होते. जेठ लागला की ग्रुपवर पुन्हा बॅनर येईल, विठ्ठल, सायकल आणि 'वारी' असं मोठ्या अक्षरांत. मी त्याखाली एवढंच लिहिणार आहे की शब्द बदला. तुम्हीही लिहा.

आणि लोणंद ते तरडगाव रस्त्यावर कधी त्या आजोबांची गाठ पडली, तर आधी क्लीट सोडवायची आहे.